डावी बाजू

जिवा तारीने गाडी स्टँडवर लावली,
शिवी आधी उतरली, मग तो.
"दसऱ्याक घातलेलो टायर, गो.
अजून शिमगो येवक नाय, नि बघ, टक्कल पडला.
बाबलान डुप्लिकेट गळ्यात मारलान माझ्या."

बाबल म्हणजे कणकवलीचा टायरवाला,
याचा सख्खा आतेभाऊ.
त्याच्या मुलीच्या लग्नाला हा गेला नाही
या टायरपायी.
मला हे सगळं जामसंड्यात आधीच कळलं होतं.

माझं गॅरेज म्हणजे आंब्याच्या पेट्या ठोकायची जुनी शेड,
अजून कुठे कुठे गवताची काडी निघते.
मी कासम सोलकरांकडे हिशेब लिहायला होते.
ते म्हणायचे, टायर डोळ्यांनी बघू नकोस,
डोळ्यांना फक्त झिजलेलं दिसतं.
तळवा फिरव.
तांबोशीवरून फिरवतेस तसा,
डोक्याकडून शेपटीकडे गुळगुळीत,
उलटा फिरवला की खवलं लागतात.
लागली, तर चाक सरळ चालत नाही.

मी तळवा फिरवला.
उजवीकडे नक्षी शाबूत,
कंपनीचं नावसुद्धा वाचता येईल.
मध्ये बऱ्यापैकी.
डावीकडे मात्र खवलं, आणि खवलांच्या पुढे
नुसतं काळं कातडं, दोरे दिसायच्या बेतात.

हवा जास्त असती तर मधला पट्टा गेला असता.
कमी असती तर दोन्ही कडा.
शॉकअब्सॉर्बर मेला की खड्डे पडतात,
जांभ्या दगडावर पडतात तसे, थोड्या थोड्या अंतरावर.
इथे यातलं काहीच नव्हतं.
"हवा?"
"रोज बघतंय."
खोटं नव्हतं. रोज पहाटे बंदरावरचा लिलाव,
मग तळेबाजार, शिरगाव, नांदगाव तिठा,
दुपारी परत. असा माणूस हवा बघतोच.

चाक फिरवलं. रिम डुलली नाही.
चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा मोजल्या, सारख्या.
मला वाटलं, आता बाबललाच दोष द्यावा लागणार.
मग चाक दोन्ही हातांत धरून आडवं हलवलं,
आणि कुठून तरी आतून
कट्.
शिंपला उघडतो तेवढाच आवाज.

स्विंगआर्मचा डावा बुश.
बुश कसला, गंजाचा चुरा,
बोटाला हळदीसारखा लागला.
उजवा अजून नवा.

मी वर बघितलं.
बर्फाचा क्रेट डाव्या बाजूला बांधलेला,
तळाला भोक, भोकाखाली
पांढरी सुकलेली रेघ,
थेट बुशापर्यंत.

"क्रेट डावीकडेच का रे?"
"उजवीकडे सायलेन्सर. बर्फ वितळता."

बरोबरच होतं त्याचं.
बांगडे ताजे राहावेत म्हणून
त्याने आगीपासून दूर ठेवलेलं पाणी
रोज सत्तर किलोमीटर
थेंब थेंब
एका लोखंडाच्या सांध्यात मुरत होतं,
आणि सांधा सैल होऊन चाक
केसभर, फक्त केसभर
बाहेरच्या अंगाला बघत चाललं होतं.

तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला.
"म्हणजे चुकी माझीच?"
"चुकी कोणाची नाय. बर्फ खयय वितळताच."

दोन्ही बुश बदलले. जुना बदलायचा तर दोन्ही,
हेही सोलकरांचंच.
भोकाला वीतभर नळी लावून बाहेर काढली.
पैशांतले दोनशे राहिले, त्याबदली
चार बांगडे केळीच्या पानात.
जुना टायर ठेवून जा म्हटलं,
होडीच्या कुशीला बांधायला कोणीतरी नेईल.
तो म्हणाला, नको.
मागच्या सीटवर आडवा टाकून दोरीने आवळला.
"आज कणकवलीपर्यंत जातंय."
एवढंच.

मी विचारलं नाही काही.
गाडी वळणावर गेली तोवर बघत राहिले,
सरळ चालली होती.
नळीतून थेंब आता डांबरावर पडत होते,
आणि पोस्टाकडचं मांजर
एकेक थेंब हुंगत
तिठ्याच्या दिशेने निघालं होतं.