नमुना सही

भरमू सिद्राय बिर्जे, शिपाई,
गट शिक्षण कार्यालय, खानापूर.
सेवापुस्तक मी चाळतोय,
कोपरे घामानं मऊ पडलेले.

अर्जित रजा शिल्लक : तीनशे दिवस.
त्याच्यापुढं सरकार मोजत नाही.
"बायको गेली तवा चार घेतल्या हुत्या,
खरं त्या किरकोळीत गेल्या बगा सायबा."

मेव्हणा पलीकडं, चंदगडात, तोही शिपाईच.
दोघं बेळगावात गणपत गल्लीत
एकाच पाटीतली वांगी घेतात
आणि महागाई भत्त्यावरून भांडतात,
कुणाची महागाई मोठी.

मग सहीची वेळ.
जीभ दातात धरून तो लिहितो
भ. सि. बिर्जे,
आणि वरून एक सबंध रेघ ओढतो
चौथीत ओढायचा तशी.

सही जुळत नाही.
पहिल्या पानावर, चौतीस वर्षांमागची,
कन्नडात, गोल गोल,
नोकरीसाठी आठ दिवसांत शिकलेली.

मी फॉर्म परत सरकवतो.
तो रागावत नाही.
"व्हय की ओ, खजिन्याला काय कळणार
ह्यो बी मीच म्हणून."

कोरा फॉर्म. पुन्हा जीभ दातात.
आता जुळते.

ग्रॅच्युइटी, विमा, विकलेली रजा,
सगळं त्या गोल सहीच्या पाठीवर बसून
बेंगळुरूला जाईल, कधीतरी येईल.

रेघेचा कागद फाडायला घेतला होता.
खरं अजून ड्रॉवरात आहे,
माझ्या या महिन्याच्या पगारपत्रकाखाली,
ज्यावर सही
मी न बघताच केली.