न पाडलेलं भोक

मागच्या डाव्या ब्रॅकेटवरची खूण ना? हो, तीच.
पंचने उठवलेलं एक टिंब,
आणि त्यावर ड्रिल कधी फिरलंच नाही.
तुमच्या जाड पुस्तकात छापलंय म्हणता, ‘कारागिराची नजरचूक’.
बावीस गाड्यांत, एकाच जागी?
ड्रिलपाशी मी होते.
डिलिस प्रॉथेरो. र ला काना-मात्रा नीट द्या.

शेड आधी टर्की पाळायची होती,
लिंकनशायरच्या त्या सपाट काळ्या मातीत,
लढाईतल्या जुन्या धावपट्टीच्या कडेला.
हवा दमट झाली की भिंतींतून पिसांचा वास यायचा.
आम्ही नऊ जण आणि ग्रीसने माखलेलं एक मांजर,
एवढीच स्कर्लॉक मोटर कंपनी.

गॉडफ्रे स्कर्लॉक कागदावर नाही, बाकावर काढायचा चित्रं,
चहाच्या ओल्या गोलाला चाक समजून.
“ही नळी हिला धरते, ही तिला.
फुकट कुणी उभं राहायचं नाही.”
वजनाचा त्याला राग होता,
शेजाऱ्याच्या भुंकणाऱ्या कुत्र्याचा असावा तसा,
रोजचा, वैयक्तिक.
पेडलला भोकं, बिजागरीला भोकं,
हँडब्रेकच्या दांड्याला सनईसारखी ओळीने भोकं.
दिवसाला तीनशे पाडायची मी.
केसांतला ॲल्युमिनियमचा कीस रात्री उशीवर चमकायचा.
नवरा म्हणायचा, बाई आणली की चाळणी!

इंजिन बेकरीच्या व्हॅनमधलं.
सरळ रस्त्यावर आम्हाला कुणीही मागे टाकावं.
पण वळण आलं
की लाल गाड्या, हिरव्या गाड्या, पैशाच्या गाड्या
बाहेर ढकलल्या जायच्या,
आणि आमची आतून निघायची,
गर्दीतून शेंबडं पोर निघावं तशी.

चालवायचा ऑब्री लॅथम.
एरवी गावोगाव पियानो सुरात लावायचा.
शर्यतीआधी चासीच्या नळ्यांवर नखाने टिचकी मारत फिरायचा,
कान तिरका करून.
त्या ब्रॅकेटपाशी थांबला.
“ही उतरलेली वाटते, गॉडफ्रे.”
गॉडफ्रे हसला. म्हणाला, अकरा ग्रॅम वाचलेत तिथे.
मीही हसले.
शुक्रवारी रात्री मीच पाडलं होतं ते भोक,
कडाही घासल्या नव्हत्या. साडेनऊची शेवटची बस होती.

बेल्जियममधलं जंगल, डावं वळण.
पुढचं मला सांगायचं नाही.

गाडी ताडपत्रीखाली परत आली.
गॉडफ्रेने ब्रॅकेट खिडकीशी धरलं.
भोकाच्या कडेपासून निघालेली चीर,
केसाएवढी.
कुणी पाडलं, त्याने विचारलं नाही.
ड्रिल एकच होतं शेडमध्ये.

मग सोमवारी नवं ब्रॅकेट घेऊन माझ्यापाशी आला.
पंच ठेवला, हातोडी मारली, टक्.
म्हणाला, “इथे नको.”
एवढंच.
पुढची बावीसच्या बावीस ब्रॅकेटं त्याने तशीच आणून दिली,
हिशेबनीस पळाला तेव्हाही,
शेवटच्या वर्षी हात थरथरायला लागले तेव्हाही.
खूण केलीच नसती तर चाललं असतं.
पण मग माझा हात
तिथवर येऊन
थांबला नसता.

आज मोठाले कारखाने म्हणे त्याची आकृती शिकवतात,
नळीने नळीला धरायची.
शिकवू देत. चांगली आहे.

तुमचा हा मुलगा मात्र
केव्हाचा ड्रिल हातात घेऊन उभा आहे,
गाडी मूळ आराखड्याप्रमाणे करायची म्हणून.
त्याला सांगा, आधी टिचकी मार.
ऐकू येतंय?
मला आता कमीच येतं.

आणि पुस्तकातलं ते वाक्य खोडू नका.
नजरचूकच होती.
फक्त या गाडीतली नाही.