दोनशे सत्त्याऐंशी

ढगाळ दिवशी गाडी पाहू नये, बाबा म्हणायचे,
ढग सगळ्यांनाच माफ करतात.
मी शटर खाली ओढते, दिवा तिरका धरते,
आणि फेरिदुन मास्तरांच्या काळ्याशार बॉनेटवर
कोळ्याने रात्रभर विणल्यासारखी
ब्रशाच्या धुलाईची बावीस वर्षं उमटतात.

"एकदाही रंगवलेली नाही," मास्तर म्हणतात,
"कारखान्यातून आली तश्शी."
आणि स्टुलावर बसतात, चहाचा ग्लास
वरच्या कडेला दोन बोटांत धरून,
भूगोलाच्या तासाला खडू धरत असतील तसा.

मी फळीकडे बघते.
लोकरीचं पॅड बोकडासारखं, समोर येईल ते खातं
आणि मागे धुरकट वलयं सोडून जातं.
नारिंगी फोम चिवट.
पांढरा, ज्याच्यावर माझा त्यातल्या त्यात विश्वास.
काळा, इतका मऊ की कुणी नुसता हात फिरवून गेल्यासारखा.
बाटल्यांचंही तसंच: एका पेस्टला रव्याची खरखर,
दुसरी चिमटीत आहे की नाही तेच कळत नाही.

नवशिक्याचा हात आधी जाड बाटलीकडे जातो.
माझाही गेला होता, एका दातांच्या डॉक्टरांची लाल गाडी,
दाराची कड, जिथे रंग सगळ्यात पातळ.
खालून डोकावलेला तो राखाडी प्रायमर
अजून कधी कधी जेवताना आठवतो.
म्हणून आता कडांना आधी निळी चिकटपट्टी.
म्हणून सुरुवात मऊपासून:
वीतभर जागा, चार थेंब, मशीन सावकाश,
पुसायचं, दिवा धरायचा,
चरा नाही गेला, तर एक पायरी वर. एकच.
रंगावरची ती पारदर्शक साय
दुधावरच्यासारखी पुन्हा धरत नाही.

पण त्याही आधी मोजायचं.
छप्पर एकशे एकोणीस. बॉनेट एकशे चोवीस.
उजवी दारं एकशे सोळा, एकशे अठरा.
डावं पुढचं, एकशे एकवीस.
प्रत्येक आकडा पट्टीवर पेनने लिहीत जाते.
डावं मागचं दार

दोनशे सत्त्याऐंशी.

पुन्हा टेकवलं यंत्र. खाली, दोनशे त्र्याण्णव.
रेडिओवर कांद्याचे भाव चालले होते.
एस्कीशेहिरमध्ये हा आकडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही,
जुनी गाडी घेणारा नमस्काराआधी तोच विचारतो.

"ओल्जाय," मास्तर म्हणाले. एवढंच.
मग चहा पार निवल्यावर:
"ऑपरेशनसाठी मी अंकाऱ्याला होतो. अकरा दिवस.
न्यायला आला तेव्हा गाडी धुतलेली होती.
मी शेजाऱ्यांनाही सांगितलं,
बघा, पोरगा किती जबाबदार झालाय."

काम ज्याने केलं, त्याने जीव लावून केलं होतं.
छटा नेमकी, सांधा कुठे दिसत नाही,
मास्तरांच्या नजरेतूनही सुटावं असं.
एकोणीस वर्षांच्या मुलाने त्यासाठी काय विकलं,
कुणापुढे हात पसरले, ते यंत्र मोजत नाही.

पांढरं पॅड बाकीच्या गाडीला पुरलं.
त्या दारावर नाही चाललं.
नंतरचा रंग मऊ निघाला, पांढऱ्याने उलट धुकं धरलं.
मग काळं. सगळ्यात बारीक पेस्ट.
वर दाब नाही, वजन मशीनचं असेल तेवढंच,
आणि मधूनमधून तळहाताच्या मागच्या बाजूने ऊब बघणं,
तापलेल्या पोराच्या कपाळाची बघतात तशी.

संध्याकाळी पट्ट्या सोलू लागले
तेव्हा मास्तर उठून आले. "ती मला द्या."
विक्रीच्या कागदावर, जिथे त्यांनी सुबक अक्षरात
'रंग मूळचा' लिहिलं होतं,
त्यावर त्यांनी माझा आकडा चिकटवला,
अंगठ्याने दोनदा दाबून.

मग फोन लावला, ब्रेमेनला.
"आरशासारखी झालीय," म्हणाले.
"सगळी दारं. हो, सगळी."
आणि जरा थांबून, "तुमच्याकडे बर्फ पडलाय का रे?"

तेवढ्यात शेजारचा कॉम्प्रेसर सुरू झाला,
पलीकडून काय उत्तर आलं
ते मला ऐकू आलं नाही.