नमुना क्र. २१४

थर्मोकोलच्या पेटीत बर्फाचं पाणी झालेलं,
त्यात पिशवीत बांधून आलेली सहा अंडी,
एकाला पीस चिकटलेलं,
आणि फिरकीच्या बरणीत फेटलेलं पिवळं, दोनशे मिली.
लेबलवर एवढंच: परळ, रस्त्यावरची गाडी.
नाव लिहायचं नसतं. मला ते कळायचंही नसतं.
पण ट्रेच्या फाटक्या तुकड्यावर निळ्या खडूने
तोच वाकडा आठ,
जो मी आठवड्यातून तीनदा बघतो
हॉस्पिटलच्या मागच्या गेटाशी,
रात्री साडेदहाला.

पहिल्या दिवशी नुसतं मुरवत ठेवायचं
सदतीस अंशांवर,
म्हणजे ताप चढण्याआधी अंग असतं तेवढ्यावर.
दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रसात.
तिसऱ्या दिवशी लाल ताटलीवर रेघा ओढायच्या.
बायको मला रांगोळीला हात लावू देत नाही,
पण रेघा माझ्या सरळ येतात.
चौथ्या दिवशी झाकण उचलण्याआधीच दिसलं:
लालावर काळे डोळे,
बोंबलाच्या टोपलीत वरून वाकून बघावं तसे,
सगळे माझ्याकडे.
खात्रीच्या चाचण्या बाकी होत्या. केल्या.
एकतीस वर्षांत त्यांनी मला फारसं खोटं पाडलेलं नाही.

पाच अंडी निर्दोष निघाली.
सहावं, ते पिसाचं, नाही.
आणि बरणीतल्या पिवळ्यात तर
मोजदाद सोडून द्यावी इतकं.
एक अंडं फुटतं जगात, आणि चाळीस त्याची होतात.

आमच्या गावी याला बाटणं म्हणत.
तिथं जंतू लागत नसे,
आजोबांची सावली पुरायची.
त्यांच्या ओंजळीत पाणी वरून पडायचं, हातभर उंचीवरून,
निम्मं कोपरावरून मातीत जायचं.
त्यांचा नातू आता पगार घेऊन सांगतो
कशाला काय शिवलं.
लॅबमध्ये एकटा असलो की मला याचं हसू येतं.

जंतूला जात कळत नाही, असं लिहिणार होतो.
खोडलं.
फ्रीज नसलेल्यांना तो बरोबर ओळखतो.

अहवाल वर गेला. असुरक्षित. खाली माझी सही.

रात्री शौकतकडे गेलो.
स्टीलचा जग तिथेच, शेगडीच्या कडेला, कोमट.
संध्याकाळी पाचला फोडून ठेवलेलं,
गिऱ्हाईक थांबत नाही म्हणून.
त्यातलाच चमचा कोथिंबिरीत.
बाकावर एक बाई, मांडीवर एक्स-रेचं पाकीट,
दोन भुर्जी-पाव, एक बांधून, म्हणाली,
वॉर्डात न्यायचंय.

"साहेब, नेहमीचं हाफ फ्राय?"
"नको. नवीन फोड, माझ्यासमोर.
पिवळं दगड होऊ दे. त्यांचंही तसंच."
त्याने माझ्याकडे बघितलं. मग जगाकडे.
"ते लोक घेऊन गेले होते. तुमच्याकडेच आलं ना?"
मी चिरलेल्या कांद्याकडे बघत राहिलो.
चाळीस अंडी म्हणजे किती रुपये
हा हिशेब दोघांच्याही तोंडावर होता.
तो काही बोलला नाही.
जग गटारावर उपडा धरला.
पिवळं सावकाश गेलं, काडीभर कोथिंबीर घेऊन.

"आता हात," मी म्हटलं.
त्याने साबण शोधला, बराच वेळ, पिंपामागे सापडला.
मी पाणी ओतलं, तो चोळत राहिला,
वीस मोज म्हटलं तर बावीसपर्यंत गेला, रागाने.
मग मग त्याने घेतला, माझ्या हातांवर.
अगदी खाली धरला होता. कड बोटांना लागत होती.
कोपरापर्यंत एक थेंब गेला नाही.

"भाऊ, होईल ना लवकर?" बाई म्हणाली.
तव्यावर अंडं पांढरं व्हायला लागलं होतं, कडेकडेने.
"पिवळ्याला वेळ लागतो, ताई," मी म्हणालो,
"थांबा जरा."