कोरडं वजन

सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे पाच चाळीस.
ईरीमध्ये सरोवरावरून येणारं बर्फ आडवं पडतं
आणि क्लेटन ब्रॉडनॅक्स दारातच बूट काढतो.
मग घड्याळ. मग किल्ल्या. मग अंगठी, थुंकी लावून, पिळून.
काट्यावर चढण्याआधी
छातीतला सगळा श्वास सोडून देतो.
पहिल्या आठवड्यात मी म्हटलं होतं, श्वासाला वजन नसतं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
चुकून मोठ्यांच्या वर्गात शिरलेल्या पोरीकडे पाहावं तसं.

पंचाहत्तर पूर्णांक एक.
अडीच किलो पाणी काढायचंय, मी लिहिते.

अकरा वर्षं मिडलवेटचा राजा. एकोणीसदा पट्टा राखला.
माझ्या खुर्च्यांवर मात्र निकाल अजून लागायचाय.

"लढला कुणाशी?" खुर्ची दोन, वोयचिक,
चाळीस वर्षं रेल्वे इंजिनं जोडलेला माणूस.
"थकलेल्यांशी. उपाशी पोरांशी.
किन्योनेस तीन वर्षं दार ठोठावत होता, हा घरात नव्हता."
"दार नव्हता ठोठावत, पैसे मागत होता,"
खुर्ची सहामधून अर्लीन मॅक्झी, बसचा भोंगा वाजवावा तशी.
गणिताचे मास्तर बोटं मोडतात:
एकोणिसातल्या सात लढती याच गावात, ओळखीच्याच पंचांपुढे.

चौकाला त्याचं नाव द्यायचा ठराव
नगरपालिकेनं दोनदा पुढे ढकलला.
मेल्या म्हशीला मणभर दूध, असं आमच्याकडे म्हणतात.
हा जिवंत आहे, अडचण तेवढीच.
शेरभर द्यायलाही कुणी तयार नाही.

मी त्याचा डावा हात धरते.
ह्याच हातानं तो समोरच्याला लांब ठेवायचा, म्हणे.
आता तिथे शीर फुगवून जोडलीय,
बोट ठेवलं की आत कुणी गुणगुणतंय असं वाटतं.
दोन सुया. तो पापणीही हलवत नाही.

"थोर माणसं वरच्या वजनात जातात," वोयचिक सोडत नाही.
"हा अकरा वर्षं एकाच पायरीवर बसून राहिला."
क्लेटननं एक डोळा उघडला.
"जातो की. आठवड्यातून तीनदा.
येताना वरच्या वजनात, जाताना मिडलवेट."
आणि डोळा मिटला.

मी एकदाच पाहिली त्याची लढत,
रात्री, फोनवर, आवाज बंद करून. चौदावी.
नवव्या फेरीत समोरच्या पोराचे हात खाली आले.
क्लेटन थांबला. पंचाकडे पाहिलं.
पंच हलला नाही.
त्यानं आणखी एक मारला.

वोयचिक सांगतो, तो कचरला.
अर्लीन सांगते, तो थांबला, पाहा, किती मोठं मन.
त्या शेवटच्या एकाबद्दल कुणी बोलत नाही.
मी विचारणार नव्हते, पण पट्टी गुंडाळताना विचारून बसले.

"टरेल लॅव्हॉय," तो म्हणाला. "एकशे साडेएकोणसाठ पौंड.
आदल्या दिवशी थुंकून थुंकून उतरवलं होतं त्यानं."
एवढंच.
तो पोरगा पुढे काय झाला, मी विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही.
यंत्राची नळी धुवायची होती, ती मी धुतली.

साडेनऊ. पुन्हा काटा.
बहात्तर पूर्णांक सहा.
"शंभर ग्रॅम जास्त," मी म्हणाले, "चालतं एवढं."
"चालत नाही."
स्वेटर काढला. काटा ढिम्म.
खोली गप्प झाली, मास्तरांची बोटंसुद्धा.
मग त्यानं तोंडात हात घातला,
वरची कवळी काढली, खालची काढली,
माझ्या हातमोज्यात ठेवली, ओली, कोमट,
आणि सगळा श्वास सोडला.

बहात्तर पूर्णांक पाच.

"लबाडी आहे ही," वोयचिक म्हणाला,
पण मान लांब करून
आकडा त्यानं स्वतः वाचला होता.