पाऊण फेरी

बावीस वर्षं मी तुर्भ्याच्या प्लँटवरून
काँक्रीटचा ड्रम चालवला.
ड्रम थांबवायचा नसतो.
सिग्नलला, पाम बीचला ट्रॅफिक तुंबला तरी
पाठीमागे तो गरगरत राहतो.
दीड तास हातात, मग मालाचा दगड.
घरी आलो तरी कानात फिरायचा.
बायको म्हणायची, झोपेत गिअर टाकता.

पारसिकचा डोंगर मीच वाहिला म्हणा ना.
दुपारी सुरुंग उडाला की दिवाळ्यात आमची भांडी वाजायची
आणि चार दिवसांनी तीच खडी
माझ्या पाठीवर बसून सीवूड्सला निघायची,
कुणाच्या तरी विसाव्या मजल्याचा स्लॅब व्हायला.
डोंगराने कधी विचारलं नाही, कुठे नेतोस.
मीही आरशात मागे बघितलं
ते फक्त रिव्हर्स घेताना.

आता भावाची पोर, दीक्षिता, घर बांधते आहे.
लाकडाचं.
खांब, तुळया, सगळा सांगाडाच लाकडाचा,
भिंतींत बांबूच्या चटया, त्यावर चुना.
विचारलं, माल किती पाठवू?
म्हणाली, पायापुरता, काका. एक फेरी.
तीही पाऊणच भरा.

ते चलन मी जपून ठेवलंय.
‘दिले’ इथे माझी सही,
‘मिळाले’ इथेही माझीच.

साग आला मुरबाडकडून, कुणाच्या तरी बांधावरचा,
बुंध्यांवर हातोड्याचे शिक्के, सोबत परवाना,
आणि तोडलेल्या प्रत्येकामागे तीन रोपं लावल्याचा फोटो.
(फोटोत रोपं दिसतात. जगली का, ते पावसाळ्यानंतर बघू,
असं तीच म्हणाली.)

जोडायला हसुराम कोळी.
होड्या बांधायचा. खाडीत फायबर आलं
तेव्हापासून त्याची पटाशी गोणपाटात झोपलेली.
त्याने होडीला काढतात तशीच कूस काढली,
सालीत बसवली, खुंटी ठोकली.
खिळा नाही.
म्हणाला, घर सोपं हाय दादूस, त्याला पोहायचं नाय.
मग खाडीकडे बघून:
अजून तरी नाय.

दीक्षिता खांबावर हात ठेवून सांगते,
झाडाने तीस वर्षं हवेतला धूर खाल्ला, त्याचं हे अंग झालं.
जाळलं नाही, कुजू दिलं नाही,
तर तो आतच राहतो.
म्हटलं, म्हणजे माझ्या गाडीचं डिझेलही असेल यात?
हसली. म्हणाली, थोडंसं असेलच की.
मी खांबाला नाक लावलं.
सागाचाच वास आला, कडवट.

वाळवीचं विचारलं तेव्हा मात्र थबकली.
दरवर्षी बघावं लागेल, म्हणाली.
बांधलेल्याकडे पुन्हा बघायचं असतं
हे मला नवीन होतं.
आम्ही ओतायचो, ड्रम धुवायचो, निघायचो.

सांगाडा उभा राहिल्याच्या दुसऱ्या दिवशी
पहाटे डोळे उघडले ते सवयीने,
हात पाइपकडे गेला तोही सवयीने.
नवं काम, म्हणजे पाणी मारायचं,
सकाळ-संध्याकाळ, पंधरा दिवस.
पहिली धार मधल्या खांबावर पडली तोच
हसुराम माचीवरून ओरडला,
पानी नको मारू! लाकूड हाय त्ये!
पिऊन झालंय त्याचं!

नळ बंद केला.
पाइपातलं उरलेलं पाणी चपलांवरून वाहत गेलं.
कानात काहीतरी कमी वाटत होतं,
काय ते लगेच कळेना.

वरची तुळई एकदा टक् वाजली.
मी दचकलो.
बसतंय, हसुराम म्हणाला.
मग मीही बसलो, खाली,
माझ्या त्या पाऊण फेरीवर.