वरचं कार्ड

ऐरोली, सेक्टर तीन. मे महिना, दुपारचे तीन.
वरचं कार्ड चौऱ्याऐंशी, खालचं सदुसष्ट.
कंपनी एक, मॉडेल एक, वजनही तेवढंच,
फरक इतकाच
की खालचं जो श्वास सोडतं
तोच वरचं घेतं.

मी बिल्डरांसाठी चित्रं बनवते.
अजून न उभ्या राहिलेल्या इमारती,
त्यांच्यावर अजून न झालेली संध्याकाळ,
तेविसाव्या मजल्यावर बाल्कनी आणि बाल्कनीत पडदा.
अट एकच होती : वारा दिसला पाहिजे.
एका फ्रेमला अकरा मिनिटं. अशा नऊशे फ्रेम.
म्हणजे सात दिवस, रात्री धरून,
आमची दोन कार्डं वारा तयार करत बसणार.

इथे आमच्या पडद्याला चिमटे लावलेत,
ऊन आत येऊ नये म्हणून.

कॅबिनेटची काच काढून पाहिली. पाल आत डोकावून गेली.
टेबल फॅन लावला, त्यानं गरम हवा नुसती ढवळली.
खालचं कार्ड खारघरच्या एका मुलाकडून घेतलेलं, वापरलेलं.
तो त्याच्यावर दोन वर्षं नाणी खणत होता.
पैसे मोजताना म्हणाला,
ताई, आमच्या घरात हिवाळा आलाच नाही.

बाबा तीस वर्षं रबाळ्याला बॉयलरवर.
रंगाचा कारखाना :
सोमवारी रुमाल निळा, गुरुवारी जांभळा.
कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नाही,
असं तेच सांगतात.
त्यांनी पत्र्याला उलटा हात लावला.
तळवा नाही. तळवा चटका बसला की आवळतो,
उलटा हात आपोआप मागे येतो.
वर, खाली, मागच्या जाळीशी, डोळे मिटून.
मग विचारलं, "ह्याचा दाब कोण ठरवतं?"

दाब नाही बाबा, वॅट.

"तेच ते. शंभरावर कशाला चालवतेस?
पंचाहत्तरवर आण. काम थोडं लांबेल.
घाई मालकाला असते, पत्र्याला नसते."

दोन कार्डांच्या मधे त्यांनी करंगळी घालून पाहिली.
जेमतेम गेली.
"इतकं खेटून माणसं बसवली ना, तर युनियन येते."

वाशीहून एक लांब केबल आणली.
फुटक्या कॅरमची चौकट माळ्यावर होती,
तिचा त्यांनी स्टँड कापला, कोपरे घासले,
आणि वरचं कार्ड बाहेर काढून
खिडकीशी उभं केलं.
वरचं म्हणायची सवय मात्र राहिली.

आता एकाहत्तर. खालचं बासष्ट.
फ्रेमला बारा मिनिटं.
नऊशे मिनिटांचा उशीर; बिल्डरला सांगितलं, लाइट गेली होती.
पंख्यांचा आवाज उतरला
तेव्हा लक्षात आलं, इतके दिवस घरात
आम्ही दोघं ओरडून बोलत होतो.

शेवटची फ्रेम पहाटे आली.
पडदा फुगून आत येतोय,
रिकाम्या सोफ्यावरून, कुणीच न राहिलेल्या घरात.
बाबा कप हातात धरून बराच वेळ बघत राहिले.
"छान. पण एसीचं बाहेरचं यंत्र कुठंय?"

मी इमारत फिरवून मागची बाजू दाखवली,
जी ब्रोशरमध्ये नाही :
एक अरुंद डक्ट,
आणि तिच्यात एकावर एक, तळापासून गच्चीपर्यंत, तेवीस.

त्यांनी कप खाली ठेवला.
उलटा हात स्क्रीनजवळ नेला. लावला नाही.
"खालचं सोडणार, वरचं घेणार," इतकंच म्हणाले,
आणि अंघोळीला गेले.

मी इमारत पुन्हा सरळ केली. फाइल पाठवून दिली.
खिडकीशी ते कार्ड उभं होतं,
मन लावून गरम हवा बाहेर सोडत.
समोर, आठ फुटांवर, शेलटकर वहिनींचं स्वयंपाकघर.
त्यांची खिडकी परवापासून
बंदच असते.